उडेल तोच खरा

आयुष्यात काय केलंस असं मला कुणी विचारलं, तर मी सांगते, बिटाच्या रंगाला शिस्त लावली. लोक हसतात. हसू देत. ज्यांनी कधी बिटाच्या रसाने उकळत्या पाकाला गुलाबी करायचा प्रयत्न केलाय, ते हसत नाहीत. बिटाचा रंग म्हणजे लाडावलेलं पोर. ताटात असतो तोवर काय तो तोरा, आणि जरा तापवा, उन्हात ठेवा, वारा लागू द्या, की तोंड पाडून तपकिरी होतो. त्याला मी तापायला, उन्हात उभं राहायला आणि तरी हसतमुख राहायला शिकवलं. त्यात माझी तरुणपणाची वर्षं गेली आणि चष्म्याचा नंबर तेवढा वाढला.

या शिकवणीची गरज पडली ती खाण्यातल्या कारखानी रंगांवर बंदी आल्यामुळे. बंदी योग्यच होती. त्यातल्या काही रंगांनी लहान मुलांच्या अंगावर पित्त उठायचं, आणि पुढे आणखीही बरंच काही निघालं. पण बंदी घालणाऱ्यांनी जिलबीवाल्याला, बर्फीवाल्याला आणि माझ्या अण्णाला आता काय वापरायचं ते काही सांगितलं नाही. पिवळ्याचं हळदीवर भागलं. गुलाबीचं भागेना.

आमचं घर बार्शीचं, कोठाळे गाठीवाले. गुढीला कडुलिंबाच्या डहाळीबरोबर साखरेच्या गाठींची माळ बांधतात ना, ती करायचा आमच्या वडिलांचा, आप्पांचा, कारखाना. कारखाना म्हणजे मागच्या अंगणातलं पत्र्याचं छप्पर, दोन चुली, मोठ्या कढया आणि सागवानी साचे. साच्यात दोरा टाकायचा, वरून तापलेला पाक ओतायचा, निवला की साचा उघडायचा. आप्पा गेल्यावर माझा थोरला भाऊ गुरुसिद्ध, म्हणजे अण्णा, हे सगळं बघतो. वर्षभर प्रसादाचे बत्तासे आणि चिरंजी, पण घर चालतं ते होळी ते पाडव्याच्या धंद्यावर. आणि तो धंदा गुलाबी गाठीवर. पांढरी गाठ पोरं हातात धरत नाहीत.

मी पुण्याच्या प्रयोगशाळेत होते. बंदी आली त्या वर्षी अण्णाचा फोन आला. "अंबू, तू रंगाचंच शिकलीस न्हवं? मग भावाला एक गुलाबी दे की करून."

आता थोडं शास्त्र, लवकर संपवते. बिटाच्या रंगाचे तीन शत्रू: उष्णता, उजेड आणि हवेतला प्राणवायू. रंगाला यांच्यापासून वाचवायचं तर त्याला घर बांधून द्यायला हवं. माझ्या घराच्या विटा म्हणजे चिंचोके. बार्शीच्या बाजारात चिंच फोडली की चिंचोक्यांचे ढीग पडतात. घोंगडीवाले त्याचीच खळ करून सूत ताठ करतात. ही खळ म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. तसाच बाभळीचा डिंक. या दोन्हींत बिटाचा रस घोटायचा आणि त्याचे तुषार गरम हवेच्या झोतात सोडायचे. क्षणात पाणी उडतं आणि प्रत्येक तुषाराची भुकटीची एक कणी होते. बाहेर काचेसारखी कडक भिंत, आत रंग. त्या भिंतीतून हवेला सहजी शिरता येत नाही. बाहेरून मी डाळिंबाच्या सालीच्या अर्काचा आणखी एक थर दिला. ऊन तो स्वतःच्या अंगावर घेतो. पाकात पाणी इतकं कमी की भिंत विरघळत नाही, आणि जिभेवर लाळ लागली की विरघळते. सगळं झाडाझुडपांचं. माझ्या सासूबाईंनी ते उपासाला चालतं का, एवढंच विचारलं.

काही वर्षांनी हे सगळं जमलं आणि पहिली कढई ओतली, तेव्हा मी बार्शीत होते. अण्णाने भुकटी टाकली, पळी फिरवली आणि पाक गुलाबी झाला. उकळला, तरी गुलाबी. साच्यातून गाठ निघाली ती नव्या नवरीच्या गालासारखी. अण्णाने एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"आप्पा असायला पाहिजे हुते," तो म्हणाला. मग महानंदावहिनीला हाक मारून त्याने सगळ्या साच्यांना तूप लावायला सांगितलं. त्या वर्षीचा सगळा माल त्याने माझ्या रंगात केला. थोडा माल पांढराही ठेवावा, असं वहिनी म्हणत होती. अण्णा म्हणाला, बहिणीवर विश्वास न्हाय का तुझा?

आणि मग आला पाडवा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बंदी आली, तशी शुद्ध-अशुद्ध ओळखायची गावोगाव हौस आली. 'सात्त्विक अन्न सखी मंच' नावाच्या कुठल्याशा मंडळींनी एक घोषणा काढली: उडेल तोच खरा! म्हणजे नैसर्गिक रंग उन्हात उडतो, कारखानी उडत नाही. घोषणा सुटसुटीत, त्यामुळे लोकांना लगेच पाठ झाली. फोनमधल्या मदतनीस बाईला विचारलं, तर तीही गोड आवाजात हेच सांगायची, कारण जो तो तिला हेच सांगत होता. चैत्राचं ऊन आणि दारोदारी उभारलेल्या गुढ्या, मग काय विचारता! प्रत्येक दार म्हणजे प्रयोगशाळा. सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवायची, हळद-कुंकू लावायचं आणि आधी गाठ बघायची. फिकी पडलेली असेल तर मुलांच्या हातात. तशीच असेल तर गाईपुढे. गाईने काय पाप केलं होतं, हे मंचाने सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या ज्या ज्या दारात मस्केंच्या दुकानच्या गाठी होत्या, त्या छान पांढुरक्या पडल्या होत्या. हा मस्के नवा, पेठेत दुकान टाकलेला, अण्णाचा स्पर्धक. आणि कोठाळेंच्या गाठी? सकाळी होत्या तशाच्या तशा. काय तो रंग! मला तर अभिमानाने भरून आलं. मी ओट्यावर उभी राहून एकेक गुढी मोजत होते, आणि समोरच्या लाडेकाकू माझ्याकडे बघत होत्या, जशी दूध नासवलेल्या सुनेकडे सासू बघते.

"अंबू," त्या म्हणाल्या, "तुमच्या आप्पांनी असलं कधी केलं न्हवतं गं."

"काय केलं, काकू?"

"अगं, रंग बघ की! दिवसभर उन्हात हाय, अन् जरा सुदिक उडला न्हाय. येवढं जहाल काय घातलंय?"

"काकू, बीट आहे. बीट आणि चिंचोके."

"बीट मी रोज चिरते," काकू म्हणाल्या. "मला नको शिकवू."

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग लागली, गाठी परत करणाऱ्यांची. अण्णा प्रत्येकाला समजावत होता, आणि प्रत्येकजण मान हलवून ऐकून घेत होता, आणि गाठ फळीवर ठेवून जात होता. कुणी भांडलं नाही हेच वाईट. भांडणाऱ्याला उत्तर तरी देता येतं. कीव करणाऱ्याला काय देणार?

माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. मस्केची गाठ पाकात टिकली आणि उन्हात उडाली? साधा बिटाचा रंग कढईतच मरतो. तो उन्हापर्यंत पोचतोच कसा? मी घोंगडीवाल्याकडून पांढऱ्या लोकरीचा धागा आणला. ही परीक्षा फार जुनी, शाळेतल्या मुलालाही करता येते. गाठ पाण्यात विरघळवायची, थोडं व्हिनेगर टाकायचं, त्यात लोकर उकळायची आणि धुवायची. बिटाचा रंग धुऊन जातो, कारखानी रंग लोकरीला धरून बसतो. माझ्या गाठीतली लोकर पांढरी निघाली. मस्केच्या गाठीतली निघाली गुलाबी, धुता धुता माझी बोटं दुखली तरी गुलाबी. तो एक जुना, बंदी घातलेला रंग होता. उष्णतेपुढे दगड, उन्हापुढे मेण. मंचाच्या परीक्षेत पहिला नंबर येणारच त्याचा.

मी दोन्ही धागे घेऊन गल्लीत गेले. लाडेकाकूंच्या ओट्यावर सात-आठ बायका जमल्या. मी सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, मधे मधे उदाहरणं देऊन. बायकांनी ऐकलं.

"म्हंजे जो उडतोय तो खोटा, अन् जो उडत न्हाय तो खरा?" एकीने विचारलं.

"हो! म्हणजे, नेहमी नाही. पण या बाबतीत, हो."

"अन् हे कोण सांगतंय? लोकर?"

हशा पिकला. लाडेकाकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लेकरा, भावासाठी तुझा जीव तुटतोय, कळतंय की आमाला. पण डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणायचं?"

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं. घडा एक असता तर सोसलं असतं, इथे गल्लीभर पालथे. मी मस्केविरुद्ध अन्न खात्याकडे तक्रारही केली. तक्रार घेतली. पण पाडव्याच्या गाठी पाडव्याला खातात आणि नमुन्याचा अहवाल येतो आंबे संपल्यावर. तोवर मस्केच्या दुकानात त्या मालाचा तुकडाही शिल्लक नव्हता.

मी पुण्याला निघायच्या दिवशी अण्णा अंगणात साचे पुसत बसला होता. साचे स्वच्छच होते.

"अंबू, एक काम कर," तो मान वर न करता म्हणाला. "तुझा रंग उडव."

"काय?"

"कढईत टिकू दे. साच्यात टिकू दे. उन्हात मात्र उडू दे जरा. दुपारपतुर. येवढं जमंना का तुला? न उडायचं जमवलंस, मग उडायचं तर सोपं."

मला हसावं की रडावं कळेना. उडू नये म्हणून मी काय काय केलं होतं! तरी मी विचार केला. खरंच केला. पुण्याला जाऊन काही आठवडे प्रयोगही केले, साहेबांना न सांगता. भिंत पातळ केली, तर रंग कढईतच गेला. डाळिंबाचा थर काढला, तर फक्त थोडा फिका झाला, तोही दोन-तीन दिवसांनी. जी भिंत उन्हाला दार उघडते, ती विस्तवालाही उघडते. एकच उपाय निघाला. उजेड लागला की आतून रंगाला खाणारी एक पांढरी कारखानी पूड त्यात मिसळायची. म्हणजे शुद्ध दिसण्यासाठी अशुद्ध व्हायचं. ते मी अण्णाला फोनवर सांगितलं.

"मग मिसळ," तो म्हणाला.

"अण्णा, ती पूड खाण्यात चालत नाही."

"चिमूटभरानं काय हुतंय?"

"हे तू बोलतोयस? आप्पांनी शेंगदाण्याला भेग असली तरी चिक्कीत घेतला नाही कधी."

"आप्पांच्या येळंला गिऱ्हाईक आप्पांचं तोंड बघून घेत हुतं. आता रंग बघून घेतंय. मी काय करू, सांग? लोकांच्या दारोदार हिंडू का तुझी लोकर घिऊन?"

"मी नाही मिसळणार."

"न्हाय ना? बरं. तुझं शास्त्र तुला लखलाभ." त्याने फोन ठेवला.

त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं म्हणजे वहिनीच्या फोनमागून येणारा खोकला. राखीला गेले तर तो बाजाराला गेलेला. दिवाळीच्या ओवाळणीची साडी पार्सलने आली. भाऊ रागावला की घर कसं रिकामं होतं, ते घर भरलेलं असताना कळत नाही. मी चिडले होते, आणि चिडता चिडता रडतही होते, आणि प्रयोगशाळेत मात्र माझ्या रंगाचं कौतुक चाललं होतं. परदेशी आईस्क्रीमवाल्यांनी तो घेतला. तिकडे कुणी तो गुढीला बांधत नाही.

पुढच्या पाडव्याला मात्र अण्णाचाच फोन आला. "शरूला घिऊन ये. मामाच्या हातची गाठ घालायचीय तिच्या गळ्यात." शरू म्हणजे माझी मुलगी शर्वाणी, तिसरीत शिकणारी, मामावर जीव असलेली. मी एका पायावर तयार झाले.

बार्शीत पोचलो तर दुकानापुढे ही गर्दी! वहिनीला घाम पुसायला फुरसत नव्हती. लाडेकाकूंनी लांबूनच हात केला. "आलीस का, अंबू? बघ, आता कसं सुधारलंय तुमचं काम!" अण्णाने हसून माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मग त्याने आतून एक माळ आणली, रुमालात गुंडाळलेली, आणि शरूच्या गळ्यात घातली.

"ही तुझी. हीच खायची. दुसरी कुठलीबी न्हाय, समजलं का?"

"का रे मामा?"

"मामानं सांगितलं म्हणून."

मला वाटलं, लाड करतोय.

दुपारी ऊन असं होतं की ओट्यावर पाय ठेववेना. मी खिडकीतून गल्लीकडे बघत बसले होते. गुढ्यांची रेशमी वस्त्रं झळकत होती, आणि त्यांच्याखाली आमच्या, कोठाळेंच्या गाठी एकेक करून फिक्या पडत होत्या. आधी कडा, मग मधला भाग. उतरत्या उन्हाला तर त्या जवळजवळ पांढऱ्या झाल्या. मला लोकर लागली नाही. कढईत टिकणारी आणि उन्हात मरणारी एकच गुलाबी मला माहीत होती.

अण्णा अंगणात हातपाय धूत होता.

"कुठून आणलास?"

त्याने कुठला, काय, असं काही विचारलं नाही. पंच्याने पाय पुसले. "मिळतोय. मस्केलाबी तिथूनच मिळतोय."

"तुला माहीत आहे तो काय आहे ते?"

"तूच सांगितलंस न्हवं का? सगळं ध्यानात हाय माझ्या. तू सांगितलेलं एक अक्षर मी खोटं मानलं न्हाय, अंबू." तो खालच्या आवाजात बोलत होता. "शरूची माळ तुझ्याच रंगाची हाय. ऱ्हायलेली भुकटी जपून ठिवली हुती. येगळी कढई घासून घेतली, येगळा साचा. तिच्या नखालाबी दुसरा रंग लागू दिला न्हाय."

मला त्याच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. सगळ्या जगात माझ्यावर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस, आणि विश्वास ठेवून त्याने केलं काय, तर हे!

"आणि गल्लीतली पोरं, अण्णा?"

"गल्लीनं मागितलं ते गल्लीला दिलं."

"ती पोरंही कुणाची तरी भाचरं आहेत."

"मग काय करू? कारखाना बंद करू? गेल्या साली समद्यांला खरं सांगितलं, तर माल परत आला. औंदा खोटं दिलं, तर म्हणत्यात सुधारला. तू शिकलेली हायस, तू सांग." त्याचे डोळे भरून आले होते. "तुला खरं बोलून पगार मिळतोय, अंबू. मला न्हाय मिळत."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून लाडेकाकूंचा आवाज आला.

"अगं अगं शरे, टाक ती! खाऊ नको लेकरा!"

आम्ही दोघेही दाराकडे धावलो. गल्लीत गुढ्या उतरवल्या होत्या. काकूंच्या ओट्याभोवती पोरांचा घोळका, प्रत्येकाच्या हातात फिकी गाठ. मधे शरू, आणि तिच्या गळ्यात ती एकच गुलाबीगर्द माळ. काकूंनी ती दोन बोटांनी उचलून धरली होती, मेलेलं पाखरू धरावं तशी.

"दिसभर गळ्यात घालून उन्हात खेळली, तरी हाय तशी हाय. कुणी दिली गं तुला असली? काढ ती. मी देते तुला चांगली." आणि त्यांनी मायेने स्वतःच्या गुढीची गाठ मोडून शरूच्या तोंडाशी नेली. शरूने आ केला. पोर शहाणी, पण साखर ती साखर.

"शरे, थुंक!"

अण्णा एवढ्या मोठ्याने ओरडला की बैलगाडीसुद्धा थांबली असती. "थुंक ते! आधी थुंक म्हणतो ना!" तो अनवाणी तसाच उतरला, तापल्या फरशीवरून धावत गेला आणि त्याने शरूच्या तोंडात बोट घालून तो तुकडा काढला. पदराने पुसावं तसं त्याने पंच्याने तिची जीभ पुसली, ओठ पुसले, पुन्हा जीभ पुसली. शरू भेदरून रडायला लागली.

पोरांचे हात तोंडाशी जाता जाता थांबले.

लाडेकाकू गोंधळून हातातल्या गाठीकडे बघत राहिल्या. मग अण्णाकडे. त्यांचा नातू त्यांच्या कडेवर होता आणि त्याचा गाल साखरेने फुगलेला होता.

"अरे गुरुसिद्धा," त्या म्हणाल्या, "तुमच्याच दुकानची हाय की ही."

अण्णाने माझ्याकडे बघितलं. लहानपणी आप्पांपुढे अडकला की बघायचा तसंच, तूच काहीतरी सांग म्हणून. गेल्या वर्षी याच ओट्यावर मी घसा कोरडा पडेपर्यंत बोलले होते. आज मी बोलले नाही. मी रडणाऱ्या शरूला उचलून घेतलं आणि तिथेच उभी राहिले, सगळ्यांबरोबर, अण्णाच्या तोंडाकडे बघत.

अण्णाने आधी काकूंच्या नातवापुढे हात केला. "थुंक बाळा," तो म्हणाला, आणि मग सांगायला लागला.